गाडी ‘पळते’, लवकर थांबत नाही: इलेक्ट्रिक कारच्या ब्रेकची तीच ती तक्रार

इंदूरला अन्नपूर्णा रोडकडे माझं छोटं गॅरेज आहे. सगळं आयुष्य पेट्रोल-डिझेलात गेलं. गेल्या काही वर्षांत सुदामा नगर, लोकमान्य नगर भागातल्या ओळखीच्या घरांत इलेक्ट्रिक गाड्या आल्या, तशा त्या माझ्या दारातही यायला लागल्या. इंजिन नाही, क्लच नाही, ऑइल बदलायचं नाही. मला वाटलं, ही मंडळी आता फक्त दसऱ्याला गाडीला हार घातला की पेढा द्यायला येतील. पण एक तक्रार घेऊन सगळेच येतात, आणि दुरुस्त करून पाठवलं तरी सहा-आठ महिन्यांनी तीच घेऊन परत येतात. कोणी म्हणतं ‘गाडी पळते’, कोणी म्हणतं ‘ब्रेक कमी लागतो’, एक आजोबा म्हणाले, ‘पेडल लाकडासारखं झालंय रे.’

दरवेळी तेच समजावून सांगतो, म्हणून एकदाचं लिहून काढतो. आधी लक्षणं बघा, मग फुकटातल्या तपासणीपासून सुरुवात करा. सगळं वाचायची गरज बहुतेकांना पडणार नाही.

लक्षणं

सकाळी निघाल्यावर पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर किंवा किंचाळल्यासारखा आवाज येतो, मग आपोआप जातो. पावसाळ्यात आणि गाडी चार दिवस उभी राहिल्यावर जास्त.

रात्री बॅटरी शंभर टक्के भरली की सकाळी पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही, तशीच पुढे जात राहते. दुपारपर्यंत ठीक होते.

एकटे असताना काही जाणवत नाही. पाच माणसं आणि सामान भरलं की पेडल जास्त दाबावं लागतं, उतारावर जळका वास येतो.

ब्रेक लावत असताना चाक खड्ड्यात किंवा गतिरोधकावर गेलं की क्षणभर गाडी पुढे ढकलल्यासारखी वाटते.

ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, किंवा फिरून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं असतं.

पेडल मऊ लागतं, हळूहळू खाली जातं, किंवा दोनदा मारल्याशिवाय ब्रेक धरत नाही.

यातलं शेवटचं लक्षण तुमचं असेल तर पुढे वाचत बसू नका. गाडी जिथे आहे तिथेच उभी ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. लाल रंगाचा ब्रेकचा दिवा लागलेला असेल तरीही तेच. बाकीच्यांनी पुढे यावं.

आधी वजनाचं समजून घ्या

आपली जुनी पेट्रोल हॅचबॅक नऊशे-हजार किलोच्या आत-बाहेर. इलेक्ट्रिक एसयूव्ही रिकामीच चौदाशे-पंधराशे किलो, मोठी असेल तर त्याहून बरीच पुढे. त्यात एकट्या बॅटरीचे अडीचशे-तीनशे किलो सहज असतात. हे वजन खाली, जमिनीजवळ असतं, त्यामुळे वळणावर गाडी डुलत नाही आणि आत बसलेल्याला ती जड वाटतच नाही. सिग्नल सुटला की मोटर अशी खेचते, की माणूस वजन विसरूनच जातो.

थांबताना मात्र हिशेब चुकवावा लागतो. हजार किलोची गाडी ताशी 60 च्या वेगात असताना तिच्यात साधारण 139 किलोज्यूल ऊर्जा असते. पंधराशे किलोच्या गाडीत 208. वेग दुप्पट झाला की हाच आकडा चौपट. ही ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पेट्रोल गाडीत ती जवळजवळ सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीत, उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलट जनरेटरचं काम करते, चाकांना आवरते आणि वीज बॅटरीत परत भरते. त्याला सगळे ‘रीजन’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

लोकांना वाटतं गाडी जड म्हणून ब्रेक कमी पडतात. कंपनीने त्या वजनाच्या हिशेबानेच डिस्क आणि टायर दिलेले असतात, आणि टायर नीट असतील तर एका करकचून मारलेल्या ब्रेकला जड गाडीही हलक्या गाडीइतक्याच अंतरात थांबू शकते. गोची अशी आहे, की रोजचं थांबवायचं बहुतेक काम रीजन करून टाकतं. खरे ब्रेक महिनोन्‌महिने झोपलेले असतात आणि आपल्या पायालाही हलक्या दाबाची सवय लागते. मग एखाद्या दिवशी रीजन नसतं, किंवा कमी असतं, आणि सगळं वजन एकदम त्या झोपलेल्या, गंजलेल्या ब्रेकवर येऊन पडतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांची गोष्ट हीच.

पहिली तपासणी: डॅशबोर्ड बघा (फुकट)

तक्रार जाणवली तेव्हा बॅटरी किती टक्के होती? इथेच निम्मी मंडळी थांबतात आणि म्हणतात, ‘अहो हो, शंभर होती.’

भरलेल्या बॅटरीत आणखी वीज भरता येत नाही. त्यामुळे साधारण 95 टक्क्यांच्या वर गाडी स्वतःच रीजन कमी करते किंवा बंद करते. गाडीगणिक थोडा फरक. काही गाड्या पडद्यावर तसं दाखवतात, काही गुपचूप करतात. कडाक्याच्या थंडीत बॅटरी गार असतानाही असंच होतं. डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या पहाटे थोडा अनुभव येतो. हा बिघाड नाही. रोजच्या शहरातल्या फिरण्याला 80-90 टक्क्यांपर्यंत चार्ज करा, तक्रार जाते की नाही ते आठवडाभर बघा.

दुसरं, रीजनची पातळी कितीवर आहे? घरातल्या मुलाने किंवा सर्व्हिसला नेली तेव्हा कोणीतरी बदललेली असते, आणि तुम्ही त्याच अंदाजाने पाय उचलता. घरात दोघं-तिघं एकच गाडी चालवत असतील तर पातळी ठरवून घ्या. सासूबाई-सुनेत यावरून वाद झालेले मी पाहिले आहेत, दोघींचं आपापल्या जागी बरोबर होतं.

खड्ड्यातल्या त्या ‘ढकलल्या’चंही इथेच सांगतो. ब्रेक लागत असताना चाक उसळलं किंवा वाळूवर, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर किंचित घसरलं, तर गाडीतली यंत्रणा चाक अडकू नये म्हणून रीजन क्षणभर सोडते आणि काम डिस्कच्या ब्रेककडे देते. त्या अर्ध्या क्षणात मंदावणं कमी होतं आणि पोटात गोळा येतो. गाडीने वेग घेतलेला नसतो, फक्त आवरलेला हात जरा सैल पडलेला असतो. उपाय साधा: खड्डा किंवा गतिरोधक येण्याआधीच पाय ब्रेकवर ठेवा, नुसता पाय उचलून भागवू नका. कोरड्या, सपाट रस्त्यावरही असं होत असेल तर मात्र चाकाचा सेन्सर तपासावा लागेल, आणि ते काम स्कॅनरवाल्याचं.

दुसरी: हवा (जवळजवळ फुकट)

ड्रायव्हरच्या दारामागच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर हवेचे दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी एक. हा दुसरा रकाना कोणी वाचत नाही. पंक्चरवाल्याला ‘बत्तीस टाक’ म्हणायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. तोही गाडीकडे न बघता बत्तीस टाकतो.

जड गाडीत हवा कमी असली की टायर मधून खचतो, कडांवर चालतो, तापतो, आणि ब्रेक मारल्यावर रबराचा जो भाग रस्ता धरायला हवा तो नीट टेकत नाही. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. तीन-चारशे रुपयांचा हवा मोजायचा काटा घरात ठेवा. पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही, एकदा तीन पंपांवर तीन वेगळे आकडे मिळाले होते.

टायर बदलले असतील तर आणखी एक गोष्ट. टायरच्या कडेला मापानंतर एक आकडा असतो, उदाहरणार्थ 215/60 आर 16 95 एच. यातला 95 म्हणजे तो एक टायर 690 किलो पेलतो. 91 असेल तर 615, 88 असेल तर 560. माप तेच पण हा आकडा कमी असलेला टायर दुकानदार स्वस्तात देतो, गाडीत बसतोही छान. मूळ टायरवर जो आकडा होता त्याच्या खाली कधी जाऊ नका. मोटरचा जोर आणि बॅटरीचं वजन यांमुळे या गाड्यांचे टायर तसेही लवकर झिजतात. वरचं रबर झिजून खोबणीतल्या उंचवट्यांच्या पातळीला आलं असेल, म्हणजे खोबण 1.6 मिलिमीटर उरली असेल, तर ब्रेकचं काहीही करून उपयोग नाही. पावसात त्याच्या बरंच आधी बदललेले बरे.

तिसरी: गाडीत काय काय भरलंय

हे वाचून हसू येईल, पण माझी सगळ्यात आवडती तपासणी हीच.

एक ओळखीचे काका श्रावणात दर सोमवारी ओंकारेश्वरला जातात. ‘भरली गाडी थांबत नाही’ ही त्यांची तक्रार. मी म्हटलं, काका, उद्या जाताना आहे तशी भरून इकडे आणा. पहाटे आणली. त्यांना घेऊन धर्मकाट्यावर गेलो. तिथला पोरगा धान्याच्या ट्रॅक्टरांना ओरडत होता, त्याने आमच्या चकचकीत गाडीकडे बघून विचारलं, ‘भिया, इसमें क्या गेहूँ भरा है?’ वजन निघालं तेव्हा काकाही गप्प झाले. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं आणि पूर्ण भरलेल्या गाडीची मर्यादाही असते. बहुतेक गाड्यांत या दोन्हींमधलं अंतर चारशे किलोच्या आसपास. पाच मोठी माणसं, तीही आपल्यासारखी पोहे-जिलेबीवर पोसलेली, म्हणजे साडेतीनशे किलो इथेच संपले. डिक्की उघडली तर वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन जार, नर्मदेचं पाणी आणायची रिकामी कॅन, घडीची लोखंडी खाट, आणि दिवाळीपासून पडलेल्या दोन फरशा. वरती कॅरिअर.

सगळं उतरवून फक्त माणसं नि प्रसाद ठेवला, हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यावर आणली. तक्रारीतला अर्धा भाग तिथेच गेला. धर्मकाट्याची चिठ्ठी काकांनी अजून डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवली आहे.

मर्यादेपेक्षा जास्त वजन भरलं की मागची स्प्रिंग बसते, पुढच्या चाकांवरचा भार थोडा हलका होतो, आणि ब्रेकचं मोठं काम पुढची चाकंच करत असतात. वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

चौथी: डिस्कचा गंज (फुकट, थोडा मोकळा रस्ता हवा)

टॉर्च घ्या आणि चाकाच्या आऱ्यांमधून आत बघा. डिस्क आरशासारखी चकचकीत दिसायला हवी. तांबूस थर दिसला तर घाबरू नका, ओतीव लोखंड आहे, एका रात्रीच्या पावसातही गंजतं. पेट्रोल गाडीत पहिल्या चार ब्रेकला तो खरवडून जातो. आपल्या गाडीत रीजनमुळे पॅड डिस्कला नीट लागतच नाही, त्यामुळे थर वाढत जातो, पॅडही त्याने ओरखडतो, आणि खरा ब्रेक मारायची वेळ आली की निम्मी पकड गेलेली.

इंदूरच्या लोकांना शहर झाडायची-धुवायची इतकी सवय लागली आहे, की गाडीही रोज सकाळी पाइप लावून धुतात. धुतात आणि तशीच ओली उभी करून ठेवतात. धुतल्यावर गल्लीत एक चक्कर मारा, दोन-चार ब्रेक लावा, डिस्क कोरडी करून मग उभी करा. एवढ्या एका सवयीने माझं काम कमी होईल, तरी सांगतो.

जमलेला गंज काढायचा असेल तर रीजन सगळ्यात खालच्या पातळीवर आणा. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून ताशी 50-60 वरून 10 पर्यंत जरा जोरात ब्रेक लावा. पूर्ण थांबू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवा म्हणजे डिस्क थंड होते. असं आठ-दहा वेळा. आवाज कमी होत गेला पाहिजे. काही गाड्यांत ब्रेकचं पेडलही आधी रीजनच वापरतं, तिथे जरा जास्त जोर लावावा लागतो. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो की पंधरवड्यातून एकदा सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्याकडे पहाटे जाऊन हे करून या, फिरणंही होतं.

दहा वेळा करूनही डिस्कवर रेषा, खड्डे किंवा कडेला जाड कंगोरा दिसत असेल, ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरत असेल, तर घरगुती उपाय संपले. डिस्क तासायची की बदलायची हे तिची जाडी मोजूनच ठरतं. टॉर्चच्या उजेडात पॅडची जाडीही बघून घ्या: लोखंडी पाटी सोडून तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदला. ‘इलेक्ट्रिकचे पॅड लाख किलोमीटर जातात’ हे ऐकून लोक बघतच नाहीत. झिजेच्या बाबतीत ते खरंही असेल, पण मी बदललेले बरेचसे पॅड झिजून नव्हे, गंजून आणि कडक होऊन गेलेले होते.

पाचवी: कुठलं चाक तापतंय

एक बाजू ओढते त्यांच्यासाठी. पंधरा-वीस मिनिटं गाडी साधी चालवा, शेवटी शक्य तितका कमी ब्रेक वापरून थांबा. चारही चाकांजवळ हाताचा तळवा धरून उष्णता बघा. डिस्कला किंवा चाकाला बोट लावू नका. एकाने माझ्यासमोर लावलं होतं. हजारभर रुपयांत लांबून तापमान मोजणारी बंदूक मिळते, ती असेल तर उत्तम. समोरची दोन्ही चाकं साधारण सारखी तापतात. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही.

कारण बहुतेकदा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, स्लाइड पिना. या दोन पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो. ब्रेक रोज लागत असेल तर त्या हलत्या राहतात. रीजनवर चालणाऱ्या गाडीत त्या तशाच पडून राहतात, रबरी टोपीतून पाणी जातं, ग्रीस सुकतं, पिन चिकटते. पावसाळा संपला की दरवर्षी पिना काढून पुसून त्यांच्यासाठीचंच ग्रीस लावून घ्या. साधं पिवळं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. खर्च फार नाही, वेळ लागतो.

चाक खोलण्याचं हे काम स्वतः करणार असाल तर माझा सल्ला आहे की करू नका. गाडी जड, आणि पोटाखाली सगळीकडे बॅटरी. जॅक फक्त खूण केलेल्या जागीच लावायचा असतो. चार बोटं इकडे-तिकडे झाला तर बॅटरीच्या पेटीवर लागतो. गल्लीतल्या पंक्चरवाल्याच्या जुन्या जॅकला हे वजन पेलतं का, तेही बघायला हवं. मागच्या चाकांना बटणाचा हँडब्रेक असेल तर तो सर्व्हिस मोडमध्ये घातल्याशिवाय पॅड बदलताच येत नाहीत, जोर केला तर मोटर तुटते. आणि आत कुठेही नारिंगी रंगाची केबल दिसली की हात मागे. तिच्यात शेकडो व्होल्ट असतात.

सहावी: ब्रेक ऑइल, आणि घाटाची गोष्ट

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी कमी चालली, ब्रेक कमी लागले, तरी ओढतंच. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. नव्या डॉट 4 ऑइलला किमान 230 अंशापर्यंत उकळू नये असा नियम. त्यात पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 आणखी खाली, 205 आणि 140. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. मग पेडल खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही.

शहरात हे कधी कळणार नाही. कळतं ते भेरूघाटात.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि सिमरोलपुढचा हा घाट उतरून नर्मदेकडे गेलात की साडेतीनशे मीटर तरी खाली आलात. माणसांसकट एकोणीसशे किलोची गाडी एवढं खाली आणताना साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा सुटते. किती, तर वीस लिटरचा पाण्याचा जार उकळेल एवढी. काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते. उरलेली एकतर रीजन घेईल, नाहीतर तुमच्या डिस्क घेतील. रीजनने घेतली तर मजा आहे. चढताना गेलेल्या विजेतली थोडी परत मिळते आणि ब्रेकला हातही लागत नाही. घाटात इलेक्ट्रिक गाडी खरं तर पेट्रोलपेक्षा सोपी.

एका ओळखीच्या मुलाने मात्र रीजन शून्यावर ठेवून घाट उतरला. कुणीतरी सांगितलं होतं, की गाडी मोकळी सोडली की रेंज जास्त मिळते. सपाट हायवेवर त्यात थोडं तथ्य आहे. उतारावर ते, पूर्वी लोक डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरायचे, त्याच्याच भावकीतलं. पाच माणसं, ट्रकामागे सारखा ब्रेकवर पाय. बाईग्रामच्या अलीकडे जळका वास आला, मग पेडल मऊ झालं. पोराचं डोकं शाबूत होतं: रीजन पूर्ण चढवलं, डावीकडे घेतली, उभी केली, तासभर थांबला. थंड झाल्यावर पेडल परत आलं, तरी त्याने पुढे चालवली नाही, मला फोन केला. ऑइल काढलं तेव्हा चहासारखं होतं. चार वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं, ‘इलेक्ट्रिकला सर्व्हिसिंग लागत नाही’ म्हणून.

तर घरी करायची तपासणी एवढीच: बाटलीतली पातळी दोन रेषांमध्ये आहे ना, आणि रंग किती काळा आहे. पातळी खाली गेली असेल तर वरून ओतून गप्प बसू नका. एकतर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. बदलायचं दर दोन वर्षांनी, किंवा तुमच्या पुस्तकात लिहिलं असेल तसं. झाकणावर जे डॉट लिहिलंय तेच घाला, आणि डॉट 5 चुकूनही यात मिसळू नका, ते सिलिकॉनचं असतं. बदलण्याचं काम घरी नको. बऱ्याच गाड्यांत एबीएसच्या (चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) आतली हवा स्कॅनर लावूनच काढावी लागते.

चार्जिंगचं एक राहिलं. इंदूरहून शंभर टक्के भरून निघालात तर घाटापर्यंत पोचेतो बॅटरीत पुरेशी जागा झालेली असते, त्याची काळजी नको. घाटाच्या तोंडाशी जेवायला थांबून तिथेच काठोकाठ चार्ज करून लगेच उतरायला लागाल तर मात्र रीजन कमी मिळेल. मानपूरकडून महेश्वरला उतरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. चार्ज खाली उतरून करा.

इथून पुढे माझंही काम नाही

एबीएसचा किंवा ‘रीजन उपलब्ध नाही’ असा दिवा गाडी बंद-चालू करूनही जात नसेल, तर तो कंपनीच्या वर्कशॉपचा विषय. मीही तिथेच पाठवतो, माझ्याकडे ते सॉफ्टवेअर नाही. खालून दगड किंवा दुभाजक जोरात लागला असेल आणि त्यानंतर ब्रेकची किंवा कसलीही तक्रार सुरू झाली असेल, तर आधी बॅटरीची पेटी बघून घ्यायला हवी, ब्रेक नंतर. तोवर ती गाडी घरात, पोर्चमध्ये चार्जला लावून ठेवू नका. टायर एकाच कडेने झिजत असतील तर अलाइनमेंट आणि खालचे बुश (सांध्यांतले रबर) बघा. वजनामुळे हे बुश लवकर ढिले होतात, पण ते कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये होतं.

फोन करताना मेकॅनिकला चार गोष्टी सांगा: बॅटरी किती टक्के होती, गाडीत किती माणसं होती, रस्ता ओला होता की कोरडा, आणि रीजन कितीवर होतं. नुसतं ‘ब्रेक लागत नाही’ म्हटलं तर तो सुद्धा मी सुरुवातीला करायचो तेच करेल, पॅड बदलून देईल.

गाडी न्यायला बोलावलेला माणूस दोरी किंवा हूक घेऊन आला तर त्याला परत पाठवा. मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरत राहिली की मोटर वीज तयार करत राहते आणि आतली यंत्रणा जळू शकते. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच मागवा, आणि फोनवरच वजन सांगून ठेवा.